जुनी फोर बाय फोर गाडी घेण्यापूर्वी
– ऊस विकास अधिकारी



या अंकात खोडव्याच्या खत मात्रेबद्दल लिहिण्याचा विचार होता. पण गेल्या दोन महिन्यांत गटागटावर फिरताना खतापेक्षा दुसऱ्याच गोष्टीची विचारणा जास्त झाली. पहिली उचल खात्यावर जमा झाली की कोणी ना कोणी बांधावर गाठतो आणि म्हणतो, "साहेब, जुनी फोर बाय फोर स्वस्तात मिळतेय. घेऊ का?" मी मोटारीचा इंजिनिअर नव्हे. पण वीस वर्षे कारखान्याच्या जीपमधून पावसाळ्यातल्या पाणंदी तुडवल्या आहेत, आणि स्वतःच्या पैशाने एकदा चांगलाच फसलो आहे. त्या फसण्यापासूनच सुरुवात करतो.

२०१४ साली मी एक जुनी जीप घेतली. रंग नवा, सीट नव्या, इंजिनाचा आवाज खणखणीत. कागद वरवर पाहिले, मालकाचे नाव बरोबर होते म्हणून घडी घालून खिशात ठेवले. पुढे नोंदणीची मुदत संपली म्हणून गाडी तपासणीला नेली, तेव्हा साहेबांनी विचारले, "आर.सी.वर पेट्रोल आहे, बॉनेटखाली डिझेल इंजिन कसे?" आधीच्या कोणा मालकाने इंजिन बदलले होते आणि त्याची नोंद केलीच नव्हती. गाडी पास झाली नाही. शेवटी भंगाराच्या भावाने गेली. तेव्हापासून मी आधी कागद पाहतो, मग गाडी.

कागद पाहणे म्हणजे काय? जमीन घेताना आपण सातबारा वाचतो, इतर हक्कात बोजा आहे का ते बघतो. आर.सी. तशीच वाचावी. बँकेचा किंवा फायनान्सचा बोजा असेल तर तो उतरल्याचे पत्र आणि फॉर्म ३५ विकणाऱ्याने द्यायला हवा. चासी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवर स्वतः शोधून, चिंधीने पुसून, आर.सी.शी अक्षर न् अक्षर ताडून बघा. नंबराच्या जागी घासल्याच्या खुणा, वेल्डिंग किंवा ताजा रंग दिसला तर तिथूनच परत फिरा, चहासुद्धा घेऊ नका. इंधन कोणते, तेही बघा. जुन्या जीपगाड्यांत इंजिन बदलण्याची खोड फार. परवानगी व नोंद नसताना केलेला असा बदल कायद्याला मान्य नाही.

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून ती वाढवावी लागते, शिवाय आपल्या राज्यात पर्यावरण कर आहे. नूतनीकरणाची फी पूर्वी मोटारीला ६०० रुपये होती, ती एप्रिल २०२२ पासून ५,००० झाली. वीस वर्षांवरच्या मोटारीला ऑगस्ट २०२५ मध्ये ती १०,००० करण्यात आली. म्हणून चौदा वर्षांची गाडी स्वस्त दिसली तर हा खर्च किमतीत धरूनच बोला. गाडी परराज्यातली असेल तर तिथल्या आर.टी.ओ.चा ना-हरकत दाखला हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेऊन गाडी लगेच नावावर करावी. "बघू पुढच्या हंगामात" असे म्हणून ठेवलेल्या गाडीचा अपघात झाला म्हणजे काय होते, ते आपल्या भागात सर्वांना माहीत आहे.

आता गाडीकडे येऊ. फोर बाय फोर म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच गाड्या नुसत्या नावाच्या असतात. दुसरा दांडा असतो, पण पुढचा शाफ्ट काढून ठेवलेला असतो, किंवा ट्रान्सफर केसमधला गिअर तुटलेला असतो. विकणारा डांबरी रस्त्यावर दांडा टाकून दाखवतो आणि आपण मान डोलावतो. त्यातून काही कळत नाही. उलट नुकसान होते. वळणावर पुढची चाके मागच्यापेक्षा जास्त अंतर तोडतात. चिखलात चाक थोडे घसरून तो फरक निघून जातो. डांबरावर चाक घसरत नाही, मग सगळा ताण शाफ्टवर आणि गिअरवर येतो. जू एकच आणि दोन बैल वेगवेगळ्या चालीचे, तसा प्रकार. आपल्याकडच्या जुन्या जीप आणि जिप्सी याच जातीच्या आहेत. त्यांत फोर बाय फोर चिखलापुरते टाकायचे असते.

खरी परीक्षा घरच्या अंगणात होते. सपाट जागी गाडी उभी करा, हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा. हाताने फिरवायचे हब असतील तर दोन्ही लॉक करा. इंजिन बंदच ठेवा आणि पुढचे एकच चाक जॅकवर उचला. दांडा टू व्हीलमध्ये असताना हे चाक हाताने फिरले पाहिजे. आता दांडा फोर व्हीलमध्ये टाका. दात बसेपर्यंत चाक थोडे हलेल, मग अडले पाहिजे. गरगर फिरत राहिले तर हब, शाफ्ट किंवा ट्रान्सफर केस यांपैकी काहीतरी गेलेले आहे. मग ती गाडी टू व्हीलच्याच भावात मागावी. या तपासणीला दहा मिनिटे लागतात. कोणी करू देत नसेल तर तेही एक उत्तरच समजा. मात्र जॅकवरच्या गाडीखाली कोणी शिरू नये.

चाक वर आहे तोवर ते वरून-खालून धरून हलवा. खेळ जाणवला तर सोबतच्याला ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर चाकाचे बेअरिंग. तरीही राहिला तर किंग पिन, आणि ते काम मोठे. शाफ्टचे क्रॉस हाताने पिळून बघावेत. पुढच्या आणि मागच्या गोळ्यातले ऑईल थोडे काढून बोटावर घ्या. दुधासारखे पांढुरके दिसले तर ओढ्याचे पाणी आत गेले आहे. लोखंडाचा चुरा हाताला लागला तर दात झिजून निघालेत.

चारही टायर एकाच मापाचे आणि साधारण सारखेच झिजलेले हवेत. पुढे दोन नवे, मागे दोन गुळगुळीत, अशी गाडी फोर व्हीलमध्ये चालवली की सरळ जातानासुद्धा पुढची-मागची चाके एकमेकांशी भांडतात.

नंतर नांगरटीच्या रानात न्या. काळ्या जमिनीतली ढेकळे याला उत्तम. गाडी पूर्ण थांबवून लो टाका, चढावर हळू चालवा. दांडा आपोआप सुटून न्यूट्रलला येत असेल तर ट्रान्सफर केस खोलावी लागणार, हे धरून चला.

चासीचे मात्र जरा सविस्तर सांगतो, कारण इंजिन बांधून मिळते, कुजलेली चासी मिळत नाही. खालून ताजा काळा रंग मारलेला असेल तर शंका घ्या. मागचे पाटे जिथे चासीला अडकवलेले असतात तिथे लोखंड पहिले सडते. पाना घेऊन ठोकत जा. आवाज बद्द आला किंवा पापुद्रा निघाला की समजावे. कोकण-गोव्याकडून आलेल्या गाड्यांत खाऱ्या हवेने हे जास्त होते. ट्रॉली ओढलेल्या गाड्यांत हूकाजवळ चिरा सापडतात, त्यांवर पट्टी मारलेली असते.

इंजिनाचे थोडक्यात. गाडी बघायला जाताना आधीच सांगा, आम्ही येईपर्यंत चालू करू नका. पोचल्यावर बॉनेटला हात लावून बघा, गरम असेल तर काहीतरी लपवले आहे. थंड इंजिन किती वेळात लागते ते पाहा. निळा धूर म्हणजे ऑईल जळते. चालू इंजिनाचे ऑईलचे झाकण काढल्यावर वाफेचे भपकारे आले तर रिंगा-पिस्टन गेले. मिस्त्री त्याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात. क्लचसाठी हँडब्रेक ओढून तिसऱ्या गिअरमध्ये क्लच हळूहळू सोडा. इंजिन बंद पडले तर बरे. चालूच राहिले तर प्लेट घसरते आहे.

एक गोष्ट काही सभासदांना आवडणार नाही. ज्यांचे रान डांबरी रस्त्याला लागून आहे आणि घरी ट्रॅक्टर आहे, त्यांना फोर बाय फोरची गरज नाही. ती गाडी जड, डिझेल जास्त पिते आणि तिचे सामान महाग. पाणंदीला जून ते ऑक्टोबर गाडी जात नाही, दवाखान्याला पेशंट न्यायचा तर ट्रॉलीत घालावा लागतो, अशा वस्त्यांवर मात्र ती खरोखर उपयोगाची आहे.

गाडी बघायला जाताना आपला मिस्त्री सोबत न्यावा, विकणाऱ्याने सुचवलेला नको. कागद वाचायला अडचण वाटली तर आर.सी.ची झेरॉक्स घेऊन गट ऑफिसला या. सोमवारी आणि गुरुवारी सकाळी मी तिथे असतो. खोडव्याचे खत पुढच्या अंकात.