औषधाच्या आधी जन्मलेला प्रतिकार

क्षयरोगाचा जिवाणू औषधाला दाद देईनासा झाला, की त्याला औषधाची सवय झाली असे सर्रास मानले जाते. परंतु 1943 साली साल्वादोर लुरिया आणि मॅक्स डेलब्रुक यांनी अमेरिकेत केलेल्या प्रयोगाने या समजुतीचा पायाच काढून घेतला. त्यांनी एकाच जातीच्या जिवाणूंची अनेक स्वतंत्र संवर्धने वाढवून त्यांवर जिवाणूभक्षी विषाणू सोडले, तेव्हा तगलेल्या जिवाणूंची संख्या काही संवर्धनांत शून्य, तर काहींत शंभराहून अधिक भरली. प्रतिकार विषाणूच्या संपर्कामुळे उपजत असता, तर ही संख्या सर्वत्र जवळपास सारखी राहिली असती. ती इतकी विषम निघाली, कारण प्रतिकार देणारा बदल विषाणूशी गाठ पडण्याआधीच, कुठे लवकर तर कुठे उशिरा, घडून गेला होता.

डीएनएची नक्कल होताना राहून जाणाऱ्या अशा आनुवंशिक चुकीला उत्परिवर्तन म्हणतात. क्षयाच्या जिवाणूचा जनुकसंच सुमारे 44 लाख अक्षरजोड्यांचा आहे. रिफाम्पिसिन हे औषध डीएनएवरून आरएनए घडवणाऱ्या विकराला, म्हणजे एन्झाइमला, चिकटून आरएनएची वाढ रोखते. मात्र त्या विकराचा एक भाग घडवणाऱ्या आरपीओबी जनुकात ठरावीक जागी एकच अक्षर बदलले, तर प्रथिनात सेरीनऐवजी ल्युसीन बसते, औषधाची पकड सुटते आणि विकराचे काम तरीही चालू राहते. रिफाम्पिसिनला न जुमानणाऱ्या सुमारे 95 टक्के जिवाणूंतील बदल या जनुकाच्या अवघ्या 81 अक्षरजोड्यांच्या पट्ट्यात सापडतात; सीबीनॅट चाचणी नेमका हाच पट्टा तपासते, म्हणून तिचा निष्कर्ष सुमारे दोन तासांत हाती येतो.

इतर अनेक जिवाणू प्लाझ्मिड नावाच्या डीएनएच्या सुट्या वलयांतून प्रतिकाराची जनुके एकमेकांना देतात. क्षयाच्या जिवाणूची सारी भिस्त मात्र स्वतःच्या गुणसूत्रातील उत्परिवर्तनांवर असते, आणि उपचाराचे गणितही त्यावरच बेतलेले आहे. रिफाम्पिसिनला दाद न देणारा जिवाणू साधारण दहा कोटींत एक, तर आयसोनायझिडला न जुमानणारा दहा लाखांत एक आढळतो. फुप्फुसातील एका पोकळीत शंभर कोटींपर्यंत जिवाणू असू शकत असल्याने एकट्या औषधातून निसटणारे काही जिवाणू तेथे आधीपासूनच असतात. दोन्ही औषधांतून एकाच वेळी निसटणारा जिवाणू मात्र शंभर लाख कोटींत एक, म्हणजे जवळपास अशक्य ठरतो.

हे संरक्षण औषधे एकत्र, पुरेशा मात्रेत आणि अखेरपर्यंत दिली तरच टिकते. एकेक औषध वाढवत गेल्यास प्रत्येक वेळी त्याला न जुमानणारे तेवढे उरतात आणि त्यांच्याच संततीत पुढचे उत्परिवर्तन घडते. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनी 2012 साली तपासलेल्या सर्व औषधांना प्रतिकार करणाऱ्या क्षयाच्या चार रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली, तेव्हा त्यांतील तिघांना पूर्वी अनेक डॉक्टरांकडून दुसऱ्या फळीतील औषधे अशीच एकेक करून, बऱ्याचदा चुकीच्या मात्रेत मिळाल्याचे दिसले. उत्परिवर्तन रोखणे कोणाच्याही हाती नाही. त्याला मोकळे रान न देणे मात्र औषध लिहून देणारा डॉक्टर, त्याचा अखंड पुरवठा करणारी यंत्रणा आणि ते नेमाने घेणारा रुग्ण या तिघांच्याही हाती आहे.