युद्धोत्तर अमेरिकेंतील निरख आणि नित्यजीवन (इ. स. १९४५–१९५०)

जुन्या निरखांविषयीं आपल्यांत एक समज दृढ झालेला आहे. एखाद्या कीर्दींत तुपाचा किंवा जोंधळ्याचा भाव दृष्टीस पडला कीं 'काय ती स्वस्ताई !' असा उद्गार निघतो. भाव खरा असतो; परंतु त्याच दप्तरांत प्याद्याचा रोजमुरा काय लिहिला आहे हें पाहिल्यावांचून काढलेलें अनुमान बहुधा खोटें ठरतें. असाच समज अमेरिकेंतील संयुक्त संस्थानांत दुसऱ्या महायुद्धानंतरच्या पांच-सहा वर्षांविषयीं रूढ आहे. पांच सेंटांस शीतपेयाची बाटली, तीन सेंटांस टपालाचें पत्र, दहा सेंटांस मुलांचें चित्रकथांचें पुस्तक व आठ हजार डॉलरांच्या आंत घर, अशा याद्या पुढें करून तो काळ सुवर्णयुग होता असें सांगण्यांत येतें.

देश परका व काळ अलीकडचा असूनहि हा विषय आम्ही वाचकांपुढें मांडीत आहों. याचें कारण असें कीं, त्या काळाचीं साधनें छापील, तारीखवार व विपुल आहेत. त्यामुळें निरख कसा वाचावा व कसा वाचूं नये याची परीक्षा तेथें जशी स्पष्ट होते तशी आपल्या त्रुटित कागदपत्रांत होणें कठीण.

१. साधनांचा विचार

पहिलें साधन म्हणजे टपालानें माल पाठविणाऱ्या पेढ्यांचे सूचिग्रंथ. त्यांत सीअर्स-रोबक कंपनीचा ग्रंथ प्रसिद्ध असून तो १९९३ पर्यंत निघत होता. वस्तूचें चित्र, वर्णन, किंमत व पाठवणीचें वजनहि त्यांत दिलेलें असे. म्हणून भावाबरोबर मालाची प्रतहि कळते. नवा ग्रंथ आला कीं जुना टाकून द्यावयाचा हा घरोघरचा रिवाज होता. दुसरें साधन वर्तमानपत्रांतील जाहिराती. यांत एक सावधगिरी हवी. गिऱ्हाइकास ओढण्यासाठीं छापलेला भाव हा बहुधा नीचांक असतो. तोच सर्वांनीं दिला असें मानूं नये. तिसरें, युद्धकाळचीं रेशनचीं पुस्तकें व तिकिटें. चौथें, सरकारी कामगार-सांख्यिकी खात्यानें ठेवलेला किंमतींचा निर्देशांक. पांचवें, १९५० च्या शिरगणतीचे मूळ तक्ते; ते ७२ वर्षांच्या मुदतीनंतर १ एप्रिल २०२२ रोजीं सर्वांस खुले झाले आहेत.

२. नियंत्रित भाव व खरा भाव

एप्रिल १९४२ मध्यें निघालेल्या सर्वसाधारण हुकुमानें दुकानदारांस मार्च १९४२ मधील आपल्या सर्वांत चढ्या भावाहून अधिक भाव घेण्याची मनाई झाली. राजसत्तेनें भाव बांधून देणें ही कल्पना नवी नव्हे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत स्वदेशी मालावर शेंकडा ५ व परदेशी मालावर शेंकडा १० नफा घेण्याची मर्यादा सांगितलेली आहे. परंतु अमेरिकेसारख्या देशांत एवढ्या विस्तृत प्रमाणावर भाव बांधले गेले, त्याचा परिणाम कागदपत्रांवर काय झाला हें पाहण्याजोगें आहे.

युद्ध संपतांच रेशनिंग उठूं लागलें. नोव्हेंबर १९४५ अखेर साखर सोडून बाकी सर्व खाद्यपदार्थ मोकळे झाले. साखर मात्र १९४७ पर्यंत अडकून राहिली. भाव-नियंत्रणाचा कायदा ३० जून १९४६ रोजीं संपला, आणि भाव एकदम उसळले. २५ जुलै रोजीं नवा कायदा होऊन बंधनें पुन्हां आलीं. तेव्हां पशुपालकांनीं जनावरें बाजारांत आणण्याचें थांबविलें व खाटकांचीं दुकानें ओस पडलीं. अखेर १४ ऑक्टोबर रोजीं अध्यक्ष ट्रूमन यांनीं मांसावरील नियंत्रण उठविलें, आणि ९ नोव्हेंबर रोजीं घरभाडें, साखर व तांदूळ वगळून बहुतेक सर्व बंधनें गेलीं. या दोन तारखांच्या दरम्यान झालेल्या निवडणुकींत अध्यक्षांच्या पक्षानें कायदेमंडळाच्या दोन्ही गृहांतील बहुमत गमावलें.

आतां निर्देशांक पाहावा. १९४५ पासून १९४८ पर्यंत तीन वर्षांत तो सुमारें ३४ टक्क्यांनीं चढला. त्यांतील सर्वांत मोठी चढण, सुमारें १४ टक्के, १९४७ ची. वरवर पाहणारा म्हणेल कीं १९४५ पर्यंत स्वस्ताई होती व पुढें महागाई आली. परंतु १९४५ चा भाव हा बांधलेला भाव होय. त्या भावानें माल दुकानांत मिळत होता कीं नाहीं, तो मिळविण्यासाठीं कोणी चोरबाजारांत काय मोजलें, नेहमींच्या स्वस्त सदऱ्याऐवजीं महागच सदरा घ्यावा लागला काय, यांतील कांहींहि त्या आंकड्यांत उमटत नाहीं. म्हणून १९४६-४७ च्या चढणीचा कांहीं अंश नव्या महागाईचा नसून, पूर्वींची झांकलेली महागाई उघडी झाल्याचा आहे. छापील भाव बदलला म्हणजे खरा भाव तेवढाच बदलला असें नव्हे, हा पहिला धडा.

३. न बदललेला भाव

याच्या उलट उदाहरण कोका-कोलाचें. हें पेय १८८६ सालीं पांच सेंटांस विकूं लागले व सत्तर वर्षांहून अधिक काळ पुष्कळ ठिकाणीं त्याच भावानें विकत होते. याचीं कारणें व्यवहारांतील आहेत. १८९९ मध्यें बाटल्या भरणाऱ्या मक्तेदारांशीं झालेल्या करारांत पाकाची किंमत कायमची ठरवून दिली गेली. मक्तेदारानें बाटलीचा भाव चढवूं नये म्हणून कंपनीनें पांच सेंटांची जाहिरात सर्वत्र रंगविली. पुढें करार बदलले तरी बाटल्या विकणारीं यंत्रें पांच सेंटांचें एकच नाणें घेणारीं होतीं. एकदम दहा सेंट करावे तर भाव दुप्पट होतो, आणि मधलें नाणें नाहीं. १९५३ मध्यें साडेसात सेंटांचें नवें नाणें पाडावें अशी विनंती अध्यक्ष आयसेनहौअर यांच्यापर्यंत गेली. ती सफळ झाली नाहीं.

न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेचें भाडें १९०४ पासून पांच सेंट होतें, तें १ जुलै १९४८ रोजीं दहा सेंट झालें. साध्या पोस्टकार्डास एक सेंट पडे, तो १ जानेवारी १९५२ पासून दोन झाला. अशा ठिकाणीं आंकडा स्थिर दिसतो. परंतु पैशाचें मोल उतरत असल्यामुळें खरा भाव वर्षानुवर्षें घटत होता. स्थिर आंकड्याच्या मागें कधीं करार असतो, कधीं कायदा, तर कधीं केवळ नाण्याची सोय, हा दुसरा धडा.

४. घर

युद्धांतून परतलेल्या शिपायांसाठीं १९४४ सालीं झालेल्या कायद्यानें शिक्षण, बेकारीचा भत्ता व घरासाठीं सरकारी हमीचें कर्ज मिळूं लागलें. भत्ता आठवड्यास २० डॉलर असून ५२ आठवडे मिळे. १९४७ मध्यें विद्यालयांतील विद्यार्थ्यांपैकीं जवळजवळ निम्मे हे माजी शिपाई होते.

घरबांधणींत लेव्हिटटाउनचें नांव सर्वतोमुखीं झालें. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंड येथें बटाट्याच्या शेतांवर १९४७ सालीं ही वसाहत सुरू झाली व १९५१ पर्यंत तेथें १७,४४७ घरें उठलीं. तळघर नाहीं, पायाच्या जागीं काँक्रीटची लादी, आणि रंगाऱ्यापासून सुतारापर्यंत जो तो एकच काम करीत घरामागून घरीं फिरणार, अशी ती पद्धत होती. प्रथम घरें भाड्यानें दिलीं. १९४९ मध्यें नवीं घरें ७,९९० डॉलरांस विक्रीस निघालीं. माजी शिपायास आगाऊ रक्कम न भरतां महिना ५८ डॉलर देऊन घर मिळे. त्या वर्षीं मध्यम कुटुंबाचें वार्षिक उत्पन्न सुमारें ३,१०० डॉलर होतें, म्हणजे घराचें मोल सुमारें अडीच वर्षांचें उत्पन्न. येथें स्वस्ताई खरी होती, असें म्हणण्यास हरकत नाहीं. मात्र या किंमतींत कपडे धुण्याचें यंत्रहि आलेलें असे, व १९५० च्या नमुन्यांत जिन्याखालीं भिंतींत बसविलेला दूरचित्रवाणीचा संचहि होता; तेव्हां हा केवळ घराचा भाव नव्हे.

परंतु ही स्वस्ताई कोणासाठीं ? लेव्हिटटाउनच्या करारनाम्यांत गौरवर्णीयांवांचून इतरांस तेथें राहूं देण्याची मनाई लिहिलेली होती. अशा करारांस न्यायालयानें बळ देऊं नये असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें मे १९४८ मध्यें दिला. तरी वसाहतीचें धोरण बदललें नाहीं. मिसिसिपी संस्थानांत १९४७ सालीं माजी शिपायांस हमीचीं तीन हजारांहून अधिक कर्जें मिळालीं, त्यांतील कृष्णवर्णीयांच्या वांट्यास अवघीं दोन आलीं. त्याच वर्षीं गौरवर्णीय कुटुंबाचें मध्यम उत्पन्न ३,१५७ डॉलर, तर इतरांचें १,६१४ डॉलर होतें. ब्रुकलिन संघांतून जॅकी रॉबिन्सन हा कृष्णवर्णीय खेळाडू १५ एप्रिल १९४७ रोजीं बेसबॉलच्या वरिष्ठ सामन्यांत उतरला, हें वर्ष तेंच. आणि १९५० च्या शिरगणतींत सुमारें ३५ टक्के घरांत नळ, स्नानगृह व शौचकूप यांची पुरी सोय नव्हती. जाहिरातींतील चित्रावरून देशाचें चित्र काढणारानें हे आंकडे शेजारीं ठेवावे.

५. करमणूक

१९४६ मध्यें चित्रपटगृहांत आठवड्यास सुमारें ९ कोटि प्रेक्षक जात. त्याच वर्षीं आर. सी. ए. कंपनीनें दहा इंची पडद्याचा दूरचित्रवाणीसंच ३७५ डॉलरांस विक्रीस काढला. १९४७ सालीं कारखान्यांतील कामगाराची सरासरी मजुरी आठवड्यास सुमारें ४९ डॉलर होती. म्हणजे संचासाठीं साडेसात आठवड्यांची पुरी कमाई. शीतपेयाच्या बाटलीस मात्र अडीच मिनिटांची मजुरी पुरे. म्हणून आरंभीं लोक मद्यगृहांत किंवा शेजाऱ्याकडे जमून कार्यक्रम पाहत. १९४८ मध्यें मिल्टन बर्ल याचा विनोदी कार्यक्रम सुरू झाला व संचांची मागणी वाढली. तरी १९५० सालीं शंभरांत सुमारें नऊ घरींच संच होता. १९४८ सालींच कोलंबिया कंपनीची मिनिटास सव्वातेहतीस नव्हे, तर ३३⅓ फेरे घेणारी दीर्घवादन-तबकडी निघाली, आणि पुढल्या वर्षीं आर. सी. ए. नें ४५ फेऱ्यांची निराळीच काढली. गिऱ्हाइकास कोणतें यंत्र घ्यावें हा पेंच पडला.

संग्राहकांस याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे हा काळ किती झपाट्यानें नष्ट झाला ती. दूरचित्रवाणीचे कार्यक्रम प्रत्यक्ष घडत असतांच प्रसृत होत. पडद्यावरून फिल्मवर उतरविलेले तेवढेच उरले. ड्यूमाँट नांवाच्या संस्थेनें दहा वर्षें कार्यक्रम केले, त्यांतील फारच थोडे आज पाहावयास मिळतात. दहा सेंटांचीं चित्रकथांचीं पुस्तकें युद्धकाळीं रद्दींत गेलीं. पुढें तीं मुलांस बिघडवितात अशी ओरड झाली. ऑक्टोबर १९४८ मध्यें पश्चिम व्हर्जिनियांतील स्पेन्सर येथें व डिसेंबरांत न्यूयॉर्क संस्थानांतील बिंगहॅम्टन येथें शाळकरी मुलांकडूनच त्यांच्या होळ्या करविण्यांत आल्या.

६. निरखाचा अधिकार

निरखाची ही चर्चा केवळ कुतूहलाची नव्हे. युद्धकाळीं त्या निर्देशांकास 'राहणीखर्चाचा निर्देशांक' म्हणत. मजुरीवाढ त्याच्या आधारें ठरूं लागतांच कामगार संघांनीं आक्षेप घेतला कीं, माल हलका झाला, स्वस्त वाण नाहींसे झाले, तें या आंकड्यांत येत नाहीं. चौकशा झाल्या, आणि १९४५ मध्यें नांव बदलून 'ग्राहकांच्या किंमतींचा निर्देशांक' असें ठेवण्यांत आलें. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत जनरल मोटर्सच्या कामगारांनीं मोटारींचे भाव न वाढवितां मजुरी ३० टक्के वाढवावी अशी मागणी करून ११३ दिवसांचा संप केला. कंपनीनें आपल्या वह्या उघड्या कराव्या, असेंहि त्यांचें म्हणणें होतें. तें मान्य झालें नाहीं. मे १९४८ च्या करारानें मात्र मजुरी निर्देशांकास बांधली गेली: निर्देशांक १.१४ अंशांनीं चढला कीं तासामागें एक सेंट वाढ. दुकानांत फिरून भाव टिपणाऱ्या कारकुनाच्या टांकावर लाखो कुटुंबांची भाकर अवलंबून राहिली.

७. तात्पर्य

यावरून संग्राहकांनीं चार गोष्टी ध्यानांत ठेवाव्या, असें आम्हांस वाटतें. एक, निरखाशेजारीं मजुरी लिहिली नसेल तर तो निरख अर्धा समजावा. दोन, भाव बांधलेला कीं मोकळा, व त्या भावानें माल मिळत होता कीं नाहीं, हें तपासावें. तीन, परकी किंमत हुंडणावळीनें रुपयांत फिरवून तुलना करूं नये; सप्टेंबर १९४९ पूर्वीं डॉलरास ३ रुपये ५ आणे पडत, ते त्या महिन्यांत ४ रुपये १२ आणे झाले, परंतु त्यामुळें अमेरिकन कामगाराची भाकर एका दिवसांत महाग झाली नाहीं. चार, जाहिरात कापून ठेवूं नये. अख्खें पान ठेवावें. कापलेल्या तुकड्याच्या पाठीमागें नोकरीची जाहिरात व तिचा पगार असतो, आणि स्वस्ताई खरी कीं खोटी हें त्यावरूनच कळावयाचें असतें.