प्रकाशाचे सूक्ष्म मापन

हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ येथे ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभारण्यास केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. तिच्या चार किलोमीटर लांबीच्या, काटकोनातील दोन भुजांतून लेसरकिरण जाऊन आरशांवरून परततील. लहर येताच भुजांच्या लांबीत प्रोटॉनच्या व्यासाहूनही कितीतरी सूक्ष्म फरक पडतो. परतलेल्या किरणांच्या मिलाफातून तो ओळखावयाचा.

अडचण प्रकाशाचीच आहे. त्याचे कण, म्हणजे फोटॉन, पत्र्यावरील पावसाच्या थेंबांप्रमाणे अनियमित पडतात. त्या आवाजात लहरीची कुजबुज बुडते. ही अनिश्चितता निसर्गनियमच असल्याने ती नष्ट होत नाही. मात्र प्रकाशलहरीची कला आणि आयाम यांपैकी एकातील अनिश्चितता घटविता येते. मोबदल्यात दुसऱ्यातील वाढते. मापनास आवश्यक तेथील अनिश्चितता अशी दाबलेला प्रकाश म्हणजे ‘संकुचित प्रकाश’. अमेरिकेतील लायगो वेधशाळांच्या निरीक्षणांत तो २०१९ पासून वापरला जात असून त्यामुळे अधिक दूरच्या घटना टिपता येतात.

हे विज्ञान आता महाराष्ट्राच्या भूमीवर येत आहे. सातारा-सांगलीच्या खेड्यांतून आपल्या वसतिगृहात आलेल्या मुलामुलींना त्या वेधशाळेत केवळ सहलीसाठी नव्हे, तर संशोधक म्हणून प्रवेश मिळावा. त्यासाठी गणित आणि भौतिकशास्त्राची गोडी त्यांना शाळेतच लागली पाहिजे. ही जबाबदारी आपणा सर्वांची आहे.