पेढीचे धोरण आणि संगणक

आपल्या संघाच्या स्मरणिकेत कर, कायदे व बँका यांविषयी अधिकारी व्यक्तींचे लेख दरवर्षी येतातच. आम्ही त्या पंक्तीतले नव्हे. मॅट्रिक होताच शाळेचा निरोप घेऊन पेढीवर बसलो आणि ज्वारी, हरभरा, मूग यांच्या पोत्यांतच आमचे पुढील सारे शिक्षण झाले. तथापि गेली काही वर्षे बाजारात, देवळात, लग्नकार्यात सभासद बंधूंच्या तोंडून एकच गाऱ्हाणे कानी पडते. पेढीवर संगणक आणला, मुलांनी हिशेबाची नवी व्यवस्था बसविली, मोबाइलवर क्षणाक्षणाचे भाव येऊ लागले. खर्च वाढला, धावपळ वाढली, परंतु वर्षाअखेरची शिल्लक मात्र पूर्वीइतकीही राहत नाही. असे का व्हावे, याचा आम्हांस जो उलगडा झाला तो येथे मांडीत आहो.

धान्याच्या घाऊक पेढीचा नफा पूर्वी कोठून येत असे, हे प्रथम पाहिले पाहिजे. आमच्या वडिलांच्या काळी पेढीचे खरे भांडवल तिजोरीत नसे, ते बातमीत असे. मुंबईस हरभऱ्याचा भाव काय फुटला, सोलापुरास ज्वारीची आवक किती झाली, ही बातमी ज्यास दोन तास अगोदर कळे त्याचा दिवस सोन्याचा होई. त्याकरिता ट्रंक कॉल लावून माणसे तासन् तास ताटकळत बसत. तारेला शब्दागणिक पैसे पडत, म्हणून पेढ्या आपापले सांकेतिक शब्द ठरवून ठेवीत; एका शब्दात जिन्नस, भाव आणि पोत्यांची संख्या बसे. ते तारखाते १५ जुलै २०१३ रोजी बंद झाले, तेव्हा बाजारात कोणी हळहळल्याचे आम्हांस स्मरत नाही. बातमीची किंमत त्यापूर्वीच उतरली होती.

उरलेसुरले गुपित २०१४ नंतर गेले. त्या वर्षी कर्नाटक सरकार व एनसीडीईएक्स स्पॉट एक्स्चेंज यांनी समान भागीने ‘राष्ट्रीय ई-मार्केट सर्व्हिसेस’ ही कंपनी काढली आणि राज्यातील बाजार समित्या एका संगणकजालात जोडण्यास आरंभ केला. केंद्र सरकारचा ‘ई-नाम’ त्यानंतर, १४ एप्रिल २०१६ रोजी सुरू झाला. म्हणजे या बाबतीत आपले राज्य दिल्लीच्या पुढे होते. अमरगोळच्या आवारात ज्यांची ये-जा नाही अशा घरच्या मंडळींसाठी ही रीत थोडक्यात सांगतो. शेतकऱ्याची गाडी फाटकातून आत येताच तिची नोंद होते व मालास क्रमांक मिळतो. माल अडत्याच्या दुकानापुढे ढीग करून मांडला जातो. खरीददार मूठभर दाणे हातात घेऊन पाहतात, दातांखाली एखादा फोडतात, क्रमांक टिपून घेतात आणि ठरलेल्या वेळेच्या आत आपापला भाव संगणकात किंवा मोबाइलवर भरतात. एकाचा भाव दुसऱ्यास दिसत नाही. वेळ संपली की सर्वांत उंच भाव जाहीर होतो. शेतकऱ्यास तो पटला तर तोल होऊन पट्टी निघते, न पटला तर माल नाकारण्याचा त्यास अधिकार आहे. पूर्वी रुमालाखाली बोटे दाबून जे सौदे होत, त्यांत कोणी कितीस मागितले हे दोघांनाच ठाऊक असे. आता संध्याकाळपर्यंत साऱ्या राज्यास ठाऊक होते.

याचा परिणाम काय झाला, याविषयी बाजारात पुष्कळ तर्कवितर्क चालतात. परंतु अमेरिकेतील राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या पत्रिकेत २०२० साली या कर्नाटकी व्यवस्थेचा अभ्यास प्रसिद्ध झाला आहे. नोव्हेंबर २०१९ पर्यंत तिच्यातून ६ कोटी २८ लाख टन मालाचा व्यापार झाला होता. भात, भुईमूग व मका यांचे दर तिच्यामुळे सुमारे साडेतीन ते पाच टक्क्यांनी वधारले. काही जिनसांत मात्र फरक दिसला नाही. त्याच संशोधकांनी पुढे २०१९ मध्ये राज्यातील कडधान्याच्या एका मोठ्या बाजारात दोन फेऱ्यांची बोली करून पाहिली. पहिल्या फेरीत ज्यांचे भाव वरचे, त्यांना भाव सुधारण्याची आणखी एक संधी द्यावयाची, एवढाच काय तो बदल. तेवढ्याने दर आणखी सुमारे चार टक्के चढला.

हे चार-पाच टक्के आभाळातून पडलेले नव्हेत. पूर्वी ते खरीददाराच्या, म्हणजे तुमच्याआमच्या, पदरात पडत. आज ते पिकविणाऱ्यास मिळतात, आणि मिळावेत हेच रास्त आहे. त्याबद्दल कुरकुर करणे आपणांस शोभणार नाही. परंतु ज्या घाऊक पेढीस शंभरांमागे दीड-दोन रुपये सुटले तरी वर्ष बरे गेले असे आपण म्हणतो, तिचा हा कोपरा कापला गेला, ही गोष्ट डोळ्यांआड करूनही चालणार नाही. भावाची बातमी देणारे आणखी एक यंत्र आणून तो कोपरा परत येणार नाही. जी बातमी सर्वांपाशी आहे तिच्यावर कोणासच नफा मिळत नाही. सभासद बंधूंच्या गाऱ्हाण्याचे मूळ आमच्या मते येथे आहे. आपण जे विकत घेतो ते बहुधा शेजाऱ्यापाशीही असते.

यास्तव आधी धोरण ठरावे, मग यंत्र यावे. याचे एक उदाहरण आपल्याच धंद्यातले आहे. आयटीसी कंपनीने २००० साली मध्य प्रदेशात सोयाबीनच्या खरेदीसाठी ‘ई-चौपाल’ काढले. खेड्यातल्याच एका शेतकऱ्याच्या घरी संगणक ठेवावयाचा, त्याने गावास भाव सांगावयाचे, आणि ज्यास पटेल त्याने माल थेट कंपनीच्या केंद्रावर आणावयाचा. संगणक बसविण्यापूर्वी आपणांस नेमके काय हवे हे कंपनीने ठरविले होते: निवडक प्रतीचा माल, मधली हाताळणी कमी करून. दुसरी गोष्ट अधिक विचार करण्याजोगी आहे. मंडीतील अडत्यांना तिने सरसकट दूर सारले नाही. त्यांतील पुष्कळांना ‘संयोजक’ या नात्याने कामास लावले. कोणत्या गावाचा माल कसा, कोणाचा शब्द कितपत खरा, गाड्या व रोकड ऐन हंगामात कशी उभी करावी, हे ज्ञान तिच्या संगणकात नव्हते, या माणसांपाशी होते. इतक्या मोठ्या कंपनीस ज्याचे मोल कळले, ते आपल्याच पेढीवर आपण मुनिमाच्या डोक्यात ठेवून देतो आणि मुनीम निवृत्त झाला की त्याच्याबरोबर घरी पाठवितो!

आमच्या मते घाऊक पेढीने संगणक प्रथम येथे लावावा. नवलगुंदच्या काळ्या जमिनीतला हरभरा कोणत्या आठवड्यात आला, चाळणीस लावल्यावर त्यातून काडीकचरा किती निघाला, ओलावा किती होता, गोदामात तीन महिन्यांनी पोत्यामागे घट किती आली, कोणत्या दालमिलने काय तक्रार केली व ती खरी निघाली की भाव पाडण्यासाठी केलेली होती, या नोंदी कोणत्याही सरकारी जालावर मिळणार नाहीत. त्या आपल्याच दुकानात रोज जन्मतात आणि रोज मरतात. आमच्या पेढीवर गेली सहा वर्षे त्या लिहून ठेवल्या जातात. त्यास महागडी व्यवस्था लागत नाही. साध्या संगणकावर रकाने आखले की पुरे. मूग भरताना दोन ढिगांना सारखाच भाव दिसत असला तरी कोणता ढीग मिलमध्ये गेल्यावर दोन किलो अधिक डाळ देईल, हे आता आमच्या मुलास सांगता येते. वडिलांना ते नाकाने कळत असे. नाक वारसाहक्काने मिळत नाही, वही मिळते.

उधारीचेही तसेच. दहा लाखांचा माल दीड टक्का नफ्याने दिला, तर पंधरा हजार रुपये सुटले असे आपण धरतो. पैसे पंचेचाळीस दिवसांनी आले आणि भांडवलास दरमहा एक टक्का व्याज पडत असेल, तर व्याजाचेच पंधरा हजार होतात. म्हणजे हमाली व भाडे पदरचे भरून आपण माल फुकट वाहून दिला. हे गणित सातवीतल्या मुलासही येईल. परंतु कोणत्या गिऱ्हाइकाकडून सरासरी किती दिवसांनी पैसे येतात हे विचारले, तर आपल्यापैकी किती जणांस वही न चाळता सांगता येईल? संगणक हे एका कळीसरशी सांगतो, आणि विक्रीच्या मोठ्या आकड्यापेक्षा हा आकडा पेढीच्या प्रकृतीविषयी अधिक खरे बोलतो.

आता सरकारी नोंदींकडे वळतो. येथे धोरण नसणे केवळ तोट्याचे नव्हे, धोक्याचे आहे. गेल्या जुलै २०२५ मधील प्रकार सर्वांस आठवत असेल. राज्याच्या वाणिज्य कर खात्याने यूपीआयवरून जमा झालेल्या रकमा पाहून हजारो लहान दुकानदारांना नोटिसा पाठविल्या. आपल्या शेजारच्या हावेरीतील एका भाजीविक्रेत्याकडे चार वर्षांत १ कोटी ६३ लाख रुपये जमा झाले म्हणून सुमारे २९ लाखांची मागणी करण्यात आली. ताज्या भाजीवर कर नाही हे लहान मूलही जाणते. परंतु बँकेच्या उताऱ्यात पैसा दिसतो, भाजी दिसत नाही. पुष्कळ दुकानांवर ‘फक्त रोख’ अशा पाट्या लागल्या. पुढे २३ जुलै रोजी मुख्यमंत्र्यांनी जुनी बाकी वसूल केली जाणार नाही असे जाहीर केल्यावर प्रकरण निवळले.

यातून रोखीकडे परत फिरावे असा अर्थ काढणारे बंधू आम्हांस भेटले. आम्ही तो काढीत नाही. आपल्या धान्याचीही गत भाजीसारखीच आहे. सुट्या धान्यास जीएसटी नाही. पण १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या बंद, लेबल लावलेल्या पिशवीवर पाच टक्के कर आहे. एकाच गोदामातून तोच हरभरा पन्नास किलोच्या पोत्यात गेला तर माफ, दहा किलोच्या पिशवीत गेला तर करपात्र. बाजूच्या दुकानात मिरची असेल तर तिचा नियम आणखी वेगळा. पैसा मात्र एकाच खात्यात येऊन पडतो. तो कोणत्या मालाचा, हे सांगणारे बिल आपण त्याच दिवशी केले नसेल, तर चार वर्षांनी आपल्या बाजूने कोण साक्ष देणार?

साठ्याच्या घोषणेविषयीही हेच म्हणावे लागते. जून २०२४ मध्ये केंद्राने तूर व हरभरा यांवर साठामर्यादा घातली. ३० सप्टेंबरपर्यंत घाऊक व्यापाऱ्यास प्रत्येक कडधान्याचे २०० टन, म्हणजे पन्नास किलोची ४,००० पोती, इतकीच मुभा होती, आणि साठा सरकारी पोर्टलवर जाहीर करावयाचा होता. अशा वेळी पोर्टलवरचा आकडा मुलाने घरून भरलेला, वहीतला मुनिमाचा, आणि गोदामातील पोती हमालांनी मोजलेली, असे तीन आकडे असले की तपासनीसास फार प्रश्न विचारावे लागत नाहीत. माल वाळून वजन घटते, ही घट खरी आहे. पण ती नोंदलेली असली पाहिजे.

यंत्राकडून होणार नाही असे एक काम मात्र आपल्याकडेच राहते. ११ मार्च २०२४ रोजी ब्याडगीच्या मिरचीबाजारात दर कोसळले आणि शेतकऱ्यांचा क्षोभ उसळला. बाजार समितीच्या कचेरीची मोडतोड झाली, गाड्या जाळल्या गेल्या. तेथे निविदा संगणकावरच निघतात. आकडा लपविलेला नव्हता, तो पडद्यावर होता. परंतु आठ दिवसांपूर्वी शेजाऱ्यास वरचा भाव मिळाला आणि आज आपणांस हा का, याचे उत्तर पडदा देत नाही. आवक किती वाढली, शीतगृहात जुना माल किती पडून आहे, ओल्या मालास कोण का मागत नाही, हे शेतकऱ्यास समोर बसवून, चहा देऊन, त्याच्या कन्नडात समजावून सांगणारा माणूस लागतो. मंदीच्या दिवशी दुकानाची फळी लावून घरी बसणाऱ्या पेढीकडे तेजीत माल कमी येतो, असा आमचा तरी अनुभव आहे.

शेवटी किल्ल्यांचा प्रश्न. तिजोरीची किल्ली कर्त्या पुरुषाच्या कमरेला असे. आज पेढीच्या खऱ्या किल्ल्या परवलीचे शब्द आहेत, आणि पुष्कळ घरांत ते एकट्या मुलास किंवा पगारी कारकुनास ठाऊक असतात. वडीलधारे ‘आम्हांस त्यातले कळत नाही’ असे कौतुकाने सांगतात. कौतुकाची ही गोष्ट नव्हे. कमरीपेठेतील आमच्या घरी बिले व कराची पत्रके धाकट्या सूनबाई पाहतात. त्या वाणिज्य शाखेच्या पदवीधर आहेत आणि मुनिमापेक्षा चुका कमी करतात. बँकेतून पैसे बाहेर पाठविणे मात्र दोघांच्या संमतीवाचून होत नाही. एखाद्या जुन्या गिऱ्हाइकाच्या किंवा मिलच्या नावाने ‘आमचा खातेक्रमांक बदलला आहे’ असा निरोप आला, तर त्याच्या जुन्या क्रमांकावर फोन करून आवाज ओळखल्याखेरीज पैसे जात नाहीत. तरीही कोणाची फसगत झालीच, तर त्याच क्षणी १९३० या क्रमांकावर कळवावे. पहिल्या तासाभरात कळविले तर रक्कम अडविली जाण्याचा संभव अधिक असतो. सर्व हिशेबांची एक प्रत दर शनिवारी वेगळ्या पेटीत उतरवून दुकानाबाहेर, घरी ठेवली जाते. आणि त्याच संध्याकाळी येणे किती दिवसांचे, गोदामात पोती किती, व पोर्टलवर काय भरले आहे, हे तीन कागद छापून आमच्यापुढे येतात. ते आम्ही चष्मा लावून स्वतः वाचतो.