पाचटातून कागद : धंदा आहे, पण पाण्याचा हिशेब आधी

ऊस तुटला की धाराशिव जिल्ह्यात बऱ्याच शेतांत पाचट पेटवले जाते. आपण व्यापारी-कारागिरांनी त्यात माल पाहायला हवा. पाचटातील सेल्युलोजचा धागा म्हणजे कागदाचा कच्चा माल. हे काम आपल्याला परके नाही. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात मुस्लिम कागजी पिढ्यान् पिढ्या चिंध्या कुटून कागद करीत आले.

रीत अशी : पाचटाचे तुकडे कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात शिजवले की धाग्यांना चिकटवून ठेवणारे लिग्निन सुटते. मग धागा धुऊन, कुटून जाळीवर पसरायचा. हा धागा आखूड, म्हणून शिंप्याकडच्या सुती चिंध्यांचा लगदा त्यात मिसळावा. बगॅसवर मात्र भिस्त ठेवू नये. कारखाने तो बॉयलरमध्ये जाळतात, फुकट देत नाहीत.

खरी अडचण पाण्याची. आपला जिल्हा अवर्षणाचा. धुण्याला पाणी फार लागते आणि उरलेले काळे पाणी ओढ्यात सोडले तर शेजाऱ्याची विहीर नासते. शेजाऱ्याचा हक्क मारून बरकत येत नाही. ते पाणी शुद्ध करण्याचा खर्च झेपत नसेल, तर सुतारबांधवांनी दुसरी वाट पाहावी. १९२४ साली मुंबईत सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या कापूस तंत्रज्ञान संस्थेने पऱ्हाट्यांपासून पार्टिकल बोर्ड करण्याची पद्धत बसवली आहे. त्यात सोड्यात शिजवणे नाही. भुगा, डिंक आणि गरम दाब एवढेच.

आधी पाणी मोजा, मग भांडवल घाला, एवढेच आमचे सांगणे.