किल्ल्या हरवलेल्या कुलपांचा डबा

तुमच्या घरी एक डबा नक्की असेल. बिस्किटांचा जुना पत्र्याचा, नाहीतर शिवणयंत्राचा खण. त्यात किल्ल्या हरवलेली कुलपं आणि कुलपं हरवलेल्या किल्ल्या वर्षानुवर्षं पडलेल्या असतात. टाकवतही नाहीत आणि उपयोगही नाही. मैत्रिणींनो, आज मी त्या डब्याचा उपयोग सांगणार आहे. ऐकून हसू नका हं!

गेली दोन वर्षं, दुपारची जेवणं झाली, ओटा आवरला की मी कुलपं उघडत बसते. किल्लीशिवाय. 'अगंबाई, हा कसला छंद? हे तर चोरांचे धंदे!' असं तुम्ही म्हणाल. आमच्या जाऊबाई अगदी हेच म्हणाल्या होत्या. पण जर्मनीत १९९७ साली अशा हौशी मंडळींनी रीतसर संघटना काढली आणि इतर देशांतही त्यांची मंडळं आहेत. कोडं सोडवावं तसं ही माणसं कुलूप सोडवतात.

माझं वेड सुरू झालं ते सासूबाईंच्या ट्रंकेपासून. त्या गेल्या आणि ट्रंकेची किल्ली काही सापडेना. दीर म्हणाले, "कोयंडाच उपटू." मला ते बघवेना. इतकी वर्षं जपलेली ट्रंक अशी फोडायची? नाक्यावरच्या किल्लीवाल्याला बोलावलं. त्यानं दोन बारीक पट्ट्या आत घातल्या, पाचेक मिनिटं चाचपलं आणि कुलूप अलगद उघडलं. कुठं ओरखडासुद्धा नाही. आत दोन लुगडी, मुलांची बारशाची टोपडी आणि पोस्टाचं पुस्तक. मी विचारलं, "हे कसं हो केलंत?" तो म्हणाला, "ताई, जादू नाही. हाताला समजतं."

माझी चूक

झालं! दुसऱ्याच दिवशी मी बाजारातून चांगलं जाडजूड सात लिव्हरचं कुलूप आणलं. म्हटलं, शिकायचं तर भारीच कुलपावर शिकावं. पंधरा दिवस झटले, अंगठ्याला फोड आला, कुलूप ढिम्म हललं नाही. शेवटी ते डब्यात टाकलं आणि स्वतःला बजावलं, 'आपल्याला नाही जमायचं.'

किल्लीवाल्याला सांगितलं तेव्हा तो पोट धरून हसला. पहिल्याच दिवशी पोरीच्या हाती पुरणपोळी लाटायला दिली तर ती फाटणारच. त्यात पोरीचा काय दोष? आधी फुलका, मग घडीची पोळी, मग पुरणाची. कुलपांचंही तसंच आहे. कोणतं कुलूप आधी आणि कोणतं नंतर, एवढं कळलं की निम्मं काम झालं.

आधी किल्ली बघा

कुलपाची जात किल्लीवरून ओळखता येते. चपट्या किल्लीच्या एका कडेला करवतीसारखे दात आणि अंगावर लांबलचक खोबणी असतील, तर ते बहुधा पिनांचं कुलूप. गोल दांडी आणि टोकाला पात्यासारखा दात असेल, तर बहुधा लिव्हरचं. शंका वाटली तर दुकानदाराला सरळ विचारा, "पिनचं की लिव्हरचं?" नवशिकीनं पिनांचंच घ्यावं.

पिनांच्या कुलपात किल्ली जाते त्या गोल गाभ्यावर ओळीनं भोकं असतात. प्रत्येक भोकात एकावर एक दोन पिना आणि वर स्प्रिंग. योग्य किल्ली घातली की सगळ्या जोड्यांचे सांधे नेमके गाभ्याच्या कडेला येतात आणि गाभा फिरतो. ही रचना अमेरिकेतल्या लायनस येल (धाकटे) यांनी १८६१ साली पेटंट केली. आजही दारांच्या असंख्य कुलपांत तीच आहे.

ही भोकं अगदी एका रेषेत कधीच नसतात. त्यामुळे गाभ्याला पट्टीनं हलकासा पीळ दिला की एकच पिन आधी अडकते. ती आकड्यानं वर सारली की पुढची अडकते. जितकी ओबडधोबड घडण, तितकं कुलूप सोपं. म्हणूनच सुरुवातीला स्वस्तातलंच कुलूप चांगलं!

पायरी पायरीनं

पहिलं : लहानसं पितळी कुलूप, तीन किंवा चार पिनांचं. किल्लीवरच्या खाचा मोजा, बहुधा तितक्याच पिना. खाचा साधारण सारख्या खोलीच्या असाव्यात. एक खाच खूप खोल आणि शेजारची उथळ असेल, तर आकडा तिथं पोचता पोचत नाही. असं कुलूप दुकानातच ठेवून या. बाजारात पारदर्शक प्लॅस्टिकचं कुलूपही मिळतं. आतली गंमत समजायला ते उत्तम, पण त्यात डोळे शिकतात आणि हात तसाच राहतो. दोन दिवस बघा, मग त्यावर रुमाल टाकून उघडा.

दुसरं : दाराच्या नाइट लॅचचा जुना सिलिंडर. लॅच बदललंत तर तो भंगारात देऊ नका. किल्लीवाल्याकडून त्यातल्या दोनच पिना ठेवून बाकीच्या काढून घ्या आणि डबीत जपून ठेवा. दोन जमल्या की तिसरी घालून घ्या, मग चौथी. एकाच कुलपात चार कुलपांचं शिक्षण होतं. माझ्या मते सरावाला याच्याइतकं चांगलं दुसरं काही नाही.

तिसरं : ज्याच्या पिना मध्ये बारीक असतात, अगदी दोऱ्याच्या रिळासारख्या. गाभा किंचित फिरतो, आपल्याला वाटतं उघडलं, आणि तिथंच अडतो. इथं जोर करून चालत नाही. पीळ थोडा सैल सोडावा लागतो, कधी बसलेल्या पिनाही पुन्हा खाली येतात. वरची चार-पाच कुलपं डोळे मिटून उघडता आल्याशिवाय याच्या वाटेला जाऊ नका.

लिव्हरचं कुलूप सगळ्यांत शेवटी. त्याची हत्यारंही निराळी असतात. माझं सात लिव्हरचं अजून डब्यातच आहे!

आणखी दोन गोष्टी. नवं कुलूप घेताना दुकानातच किल्ली चारदा फिरवून बघा. फार कडक लागलं तर घेऊ नका. आणि कुलपात खोबरेल तेल ओतायची आपली सवय सोडा. तेलावर धूळ बसून आत चिकटा होतो आणि पिना हलेनाशा होतात. पेन्सिलीच्या शिशाची बारीक पूड चिमूटभर टाकावी.

आमच्या दाराची गोष्ट

गेल्या दिवाळीत आमच्या दाराचं लॅच बदललं. किल्ली झिजली होती म्हणून पुन्हा त्याच प्रकारचं आणलं. जुना सिलिंडर मी सरावाला ठेवला आणि एके दुपारी पाचही पिना त्यात घालून बसले. दहा मिनिटांत उघडला. आनंदानं मी टाळीच वाजवली. आणि मग एकदम पोटात गोळा आला. याच्याच भरवशावर आम्ही अठरा वर्षं गावाला जात होतो, आणि नवंही त्याचंच भावंड!

रात्री 'ह्यां'च्यासमोर ते पुन्हा उघडून दाखवलं. एरवी माझ्या छंदाची थट्टा करणारे हे दोन मिनिटं काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं मिळून दुकानात गेलो आणि रिळाच्या पिनांचं लॅच घेऊन आलो. निवड मी केली.

असं पूर्वी मोठमोठ्यांचंही झालंय. लंडनच्या ब्रामा कंपनीनं १७९० पासून दुकानात एक कुलूप मांडून ठेवलं होतं, उघडणाऱ्याला दोनशे गिनींचं बक्षीस. १८५१ साली आल्फ्रेड हॉब्ज या अमेरिकन कारागिरानं ते उघडलं. सोळा दिवसांत मिळून एक्कावन्न तास लागले. लोक घाबरले खरे, पण त्यानंतर कुलपं करणाऱ्यांना ती सुधारावी लागली.

हे मात्र पाळा

१. कुलूप आपल्या मालकीचंच हवं. दुसऱ्याचं असेल तर आधी विचारा.

२. रोजच्या वापरातल्या दारावर, कपाटावर सराव करू नका. आत काही मोडलं तर आपणच बाहेर राहू.

३. हत्यारं घरातच ठेवा, पर्समध्ये नको.

४. रोज पंधरा-वीस मिनिटं पुरे. हात अवघडला की जोर वाढतो आणि पट्टी मोडते.

५. आठवडाभर एखादं कुलूप उघडलं नाही तर आधीच्या पायरीवर या. 'आपल्याला जमत नाही' हा निकाल इतक्यात देऊ नका. मी दिला होता, आणि तो चुकीचा निघाला.

तर आज दुपारी तो डबा खाली काढा. त्यातलं सगळ्यांत लहान पितळी कुलूप निवडा, मोठं तसंच राहू द्या. आणि जाऊबाई काय म्हणतील याची चिंता करू नका. आमच्या जाऊबाई आता दर गुरुवारी येतात. परवाच त्यांनी तीन पिनांचं उघडलं!