हातातले रोप

ऊन अवेळी तापले, पाऊस लांबला की घरातली वडीलधारी माणसे म्हणतात, ‘कयामत जवळ आली.’ तरुणांची भीतीही वेगळी नाही. ‘लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ’मध्ये २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत भारतासह १० देशांतील १६ ते २५ वयोगटातील १० हजार जण होते. त्यांतील ७५ टक्क्यांना भविष्य भयावह वाटत होते.

ही चिंता खोटी नाही. पण ‘आता काहीच होणार नाही’ हे खरे नाही. १९८७च्या माँट्रियल करारानंतर घातक रसायने टप्प्याटप्प्याने बंद झाली आणि ओझोनचा थर सावरू लागला. तापमानवाढीचा प्रश्न त्याहून अवघड आहे. तरी ती जितकी रोखली जाईल, तितकी हानी टळेल.

हदीसमध्ये पैगंबरांची शिकवण आहे : कयामत येऊन ठेपली आणि हातात खजुराचे रोप असेल, तर शक्य असल्यास ते लावून टाकावे. फळ कोण खाणार, हा हिशेब तिथे नाही. रात्रभर मोबाइलवर वाईट बातम्या चाळल्याने घोर वाढतो; चौघांनी मिळून काम केले की तो हलका होतो. मशिदीतले वजूचे पाणी झाडांकडे वळवता येते. गल्लीतली रोपे उन्हाळाभर जगवायला तर सगळ्याच घरांचे हात लागतात.